अकरा होकार

आमच्या स्वानेतीत पूर्वी आडनाव सांगणं
म्हणजे छातीवर नेम काढून फिरणं.
वैर तीन-तीन पिढ्या मुरायचं,
म्हणून दारात आलेल्याला
आधी भाकर, आधी शेकोटी,
नाव तिसऱ्या दिवशी,
तेही त्यानं आपणहून सांगितलं तर.
त्या दिवसांचे दगडी बुरूज अजून उभे आहेत.
त्यातल्याच एकावर, कावळ्याच्या घरट्याला लागून
मी गावाच्या जाळ्याचा डबा बसवला.
बोल्ट आवळताना दोन बोटं बधिर झाली,
ती अजून पुरती शुद्धीवर नाहीत.

अवघड गेलं ते मुर्झाकानकाकाला समजावणं.
पासवर्ड दे, म्हणाला, गोठ्याच्या दारावर लिहून ठेवतो.
काका, पासवर्ड नाहीच.
गावसभेनं तुझ्या फोनात एक दाखला ठेवलाय, सही करून.
त्याची नक्कल तिबिलिसीत नाही, माझ्याकडेही नाही.
डबा विचारणार: आत यायची मुभा आहे?
फोन म्हणणार: आहे, आणि तसं पटवून देणार.
नाव नाही. वय नाही. कुठल्या घरातला, तेही नाही.
उद्या परत गेलास
तर हा कालचाच, एवढंसुद्धा डब्याला कळणार नाही.
काका दाढी खाजवत राहिला,
मग म्हणाला, म्हणजे
हा डबा आमच्या आज्याच्या वळणाचा निघाला.

ऑक्टोबरात ती आली, खिंडीपलीकडून,
एक मुलगा, एक पिशवी, आणि मनगटावर
पिवळं पडत चाललेलं काहीतरी.
तिचं नाव मी इथंही लिहिणार नाही.
सभेत सगळ्यात आधी तेब्रोनेचा हात वर गेला,
पिठानं माखलेला.
त्या रात्री माझ्या नोंदवहीत
दहाच्या जागी अकरा होकार उमटले.
हो. हो. हो. पुढे काही नाही.

नोव्हेंबरात चाकांना साखळ्या बांधलेली गाडी आली.
एक वर्दीतला, एक तिचा दीर.
यादी काढ, म्हणाले, कोण कोण जोडलेलं असतं ते.
मी पडदा त्यांच्याकडे फिरवला.
वर्दीवाला खालपर्यंत सरकवत गेला,
एकाच शब्दाची रांग, मेंढरांसारखी,
एकाही कानात बिल्ला नाही.
डब्याला खोटं बोलावं लागलं नाही.
मला मात्र लागलं.
नवीन बाई? नाही बुवा, म्हटलं,
आणि पायाजवळचं तिच्या मुलाचं लाकडी घोडं
हळूच टाचेनं पलंगाखाली ढकललं.

जानेवारीत रस्ता बंद झाला.
एका रात्री होकार दहाच आले.
दुसऱ्या रात्री दहाच.
एवढं कष्टानं बांधलेलं आंधळेपण
आता माझ्याकडे आंधळ्यासारखं बघत होतं.
कोण गेलं? विचारू कुणाला?
मीच तर विचारायची सोय ठेवली नव्हती.
डोळ्यापुढे तो दीर, त्या साखळ्या.
कंबरभर बर्फातून फावड्यानं वाट काढत
तिच्या दाराशी पोचले तेव्हा
ती चुलीपुढे कणीक मळत होती.
माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं विचारलं,
काय गं, कोण मेलं?

कुणी मेलं नव्हतं.
मुर्झाकानकाकाचा फोन
मासे धरताना एंगुरीत पडला होता,
आणि लाजेपायी तो दोन दिवस बोलला नव्हता.
जुना दाखला सभेनं रद्द केला, मग नवा.
त्यासाठी तीन शेजाऱ्यांनी सांगायचं असतं, हा आमच्यातला.
तेब्रोने उठली. मी उठले.
तिसऱ्या हाताची वाट बघत सगळे गप्प,
काका जमिनीकडे बघत, गुन्हेगारासारखा.
मागच्या बाकावरून ती उठली,
चार महिन्यांची पाहुणी,
आणि म्हणाली, मी ओळखते यांना.